औषध सोसलं नाही, आता पुढे?
वाचकांचे प्रश्न, मनोविकारतज्ज्ञाची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मुलगा बावीस वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. दिवाळीनंतर त्याची झोप गेली. वरचे भाडेकरू आपलं बोलणं ऐकतात, आपल्या मनातलं मोबाइलमधून बाहेर जातं, असं म्हणायला लागला. फेब्रुवारीत एका रात्री त्याने भाडेकरूंच्या दारावर लाथा घातल्या. ह्यांनी आणि दिरांनी धरून त्याला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे इंजेक्शन दिलं, तो झोपला, सकाळी घरी सोडला. कागदावर 'इंजेक्शन दिले' एवढंच आहे, कुठलं ते नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेता घेता त्याची मान एका बाजूला वळली ती वळलीच. डोळे वर गेले, जीभ बाहेर आली, बोलता येईना. आमचं बोलणं मात्र त्याला सगळं कळत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेजारच्या भाभी म्हणाल्या मिरगी आहे, चप्पल हुंगवा. शेवटी दिरांनी गाडी काढली. मोठ्या दवाखान्यात दुसरं इंजेक्शन दिलं आणि पंधरा-वीस मिनिटांत मान सरळ झाली.

मग आम्ही मानसिक रोगांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिस्पेरिडोन सुरू केलं, आधी २, मग ४ मिलिग्रॅम. संशय खरंच कमी झाला. पण त्याला एका जागी बसवेना. जेवताना दोन घास खाल्ले की उठायचा, रात्री एक-एक वाजेपर्यंत गच्चीवर येरझाऱ्या. फोन केला तर म्हणाले, अजून बेचैन आहे म्हणजे आजार पूर्ण आटोक्यात नाही, ६ करा. त्यानंतर तर बघवत नव्हतं. एकदा मला म्हणाला, "आई, माझे पाय कापून टाक." तेव्हापासून मी कोणाला न विचारता गोळी अर्धी तोडून देते आहे. जरा बरा आहे.

आता दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात औषध बदलू, ओलान्झापिन किंवा अरिपिप्राझोल, घरी बोलून शनिवारी या. दीर म्हणतात, याला या सगळ्याच औषधांची अ‍ॅलर्जी आहे, बंद करा. मुलगा म्हणतो, पुन्हा मान वाकडी होणार असेल तर मी गोळीला हात लावणार नाही. मी काय करू?

एक आई, इंदूर

उत्तर : ताई, घाईचं होतं तेवढं तुम्हाला फोनवर सांगून झालंय. तुमचं पत्र ओळख पटणार नाही एवढं बदलून छापतोय, कारण 'औषध बाधलं, आता काय' असं विचारणारी पत्रं सारखी येतात, आणि तुमच्याकडे तर दोन वेगळे प्रकार एकाच मुलाच्या वाट्याला आलेत.

दोन, हे मुद्दाम म्हणते. तुमच्या घरात दोन्हीला मिळून 'रिअ‍ॅक्शन आली' एवढंच म्हटलं जातंय. मान वाकडी झाली तो एक प्रकार, पाय थांबेनात तो दुसरा. मूळ जवळजवळ एकच, पण उपाय निरनिराळे, आणि पुढचं औषध कोणतं हे त्यावरूनच ठरतं. नेमकं काय बाधलं ते न ठरवता औषध बदललं की नवीन औषधही पुष्कळदा तेच करतं, आणि मग घरचे हात टेकतात, याला काही चालतच नाही म्हणून.

पहिला प्रकार डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आखडणं. इंजेक्शनचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं नाही, पण अनावर झालेला तरुण मुलगा, रात्रीचं इंजेक्शन आणि दुसऱ्या संध्याकाळी मान, डोळे, जीभ, हे वाचून कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाला आधी हॅलोपेरिडॉल आठवेल. १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यानसेन यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं आणि आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. स्वस्त, हमखास मिळणारं, लवकर लागू पडणारं. मी काही त्याला शिव्या घालणार नाही. पण वय कमी, त्यातून मुलगा, आयुष्यात पहिल्यांदाच हे औषध आणि तेही सुईतून, असं सगळं जमून आलं की पहिल्या तीन-चार दिवसांत स्नायू आखडण्याची शक्यता चांगलीच असते. म्हणून सोबत प्रोमेथाझिन टोचण्याची पद्धत आहे; फेनर्गन म्हटलं तर तुम्ही नाव ऐकलं असेल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात या जोडीचे अभ्यास झाले आहेत. ब्राझीलमध्ये रिओला नुसतं हॅलोपेरिडॉल आणि ही जोडी यांची तुलना केली, ती २००७ मध्ये छापून आली. नुसतं हॅलोपेरिडॉल घेतलेल्यांत आखडण्याचे प्रकार इतके निघाले की तो अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

मिरगीच्या मोठ्या झटक्यात शुद्ध हरपते. तुमचा मुलगा शुद्धीवर होता, रडत होता. आणि दुसऱ्या इंजेक्शनने पंधरा-वीस मिनिटांत मान सरळ झाली, ते बहुधा प्रोमेथाझिन किंवा त्याच्यासारखंच काही असणार. एवढ्यावर निदान पक्कं समजायला हरकत नाही. तेव्हा दिरांना सांगा, ही अ‍ॅलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठणं, ओठ-चेहरा सुजणं, धाप लागणं ही अ‍ॅलर्जीची लक्षणं. इथे औषधाने आपलंच काम वाजवीपेक्षा जास्त केलं. हा फरक महत्त्वाचा, कारण केसपेपरवर एकदा 'अ‍ॅलर्जी' लिहिलं गेलं की पुढचे डॉक्टर सगळा गटच टाळतात आणि मुलाचे पर्याय फुकट कमी होतात.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते, ती सहसा कोणी सांगत नाही. उलटीवर दिली जाणारी मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधं, म्हणजे पेरिनॉर्म आणि स्टेमेटिल, याच जातीचं काम करतात आणि तशीच मान वाकडी करू शकतात. पावसाळ्यात पोट बिघडलं, गल्लीतल्या दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन घेतलं आणि पुन्हा तोच तमाशा, असं होतं. तुमच्या मुलाला उलट्या झाल्या तर आधीचा प्रकार सांगा आणि ऑन्डान्सेट्रॉन चालेल का विचारा. त्याच्या पाकिटात चिठ्ठी राहू द्या: 'हॅलोपेरिडॉलसारख्या इंजेक्शनने मान-डोळे आखडले होते. पेरिनॉर्म, स्टेमेटिल नको.' मराठीत नको, हिंदी-इंग्रजीत लिहा; एम.वाय. या आपल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत रात्री दोनला ड्युटीवर असलेल्या पोराला वाचता आलं पाहिजे.

आता पाय. मला याची जास्त काळजी वाटली, कारण मान वाकडी झालेली सगळ्यांना दिसते आणि पाय न थांबणं हे घरच्यांना, कधी कधी डॉक्टरांनाही, आजारच वाटतं.

याला अकॅथिझिया म्हणतात. त्यात माणसाला आतून कोणीतरी ढकलत असतं. बसावं तर उठावंसं वाटतं, उठलं तर चालावंसं, चालून थकलं तरी बसवत नाही. आजाराची बेचैनी आणि ही बेचैनी यांत फरक करायचा तर माणसालाच विचारावं लागतं, फोनवरून ते जमत नाही. आजाराने बेचैन असलेला मुलगा कारण सांगतो: भाडेकरू आलेत का बघतोय, फाटक तपासतोय. तुमच्या मुलाला काही तपासायचं नव्हतं. त्याने भाडेकरूंचं नाव काढलं नाही, पायांचं काढलं. आणि हे सगळं मात्रा वाढवल्यावर वाढलं, तुम्ही अर्धी केल्यावर उतरलं. याहून स्पष्ट काय पाहिजे?

१९८९ साली बार्न्स या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी याची एक मोजपट्टी केली, ती अजून वापरतात. माणसाला आधी बसवून, मग उभं करून, निदान दोन-दोन मिनिटं पाय पाहायचे आणि मग त्याला काय वाटतं ते विचारायचं. घरीही करता येईल असं आहे. टीव्हीसमोर त्याला बसू द्या आणि लांबून बघा: टाचा हलतात का, मांडी घालतो-सोडतो का, उभा राहिल्यावर या पायावरून त्या पायावर होतो का. दिसेल ते कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत लिहा, जिथे दूधवाल्याचा खाडा लिहितो तिथेच. 'गोळी रात्री ९. गच्चीवर ११ ते १. जेवताना चार वेळा उठला.' डॉक्टरांना महिन्याभराच्या 'जरा बेचैनच असतो'पेक्षा अशा चार ओळी जास्त उपयोगी पडतात.

'पाय कापून टाक' हे बोलणं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. हा त्रास असह्य होऊन माणसं जिवावर उदार होतात. असं काही तो पुन्हा बोलला, किंवा 'आता नको हे सगळं' म्हणाला, तर शनिवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, त्याला एकटं सोडायचं नाही. रात्री-अपरात्री कोणी भेटलं नाही तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

या पायांच्या त्रासावर पहिला उपाय मात्रा कमी करणं. त्याने भागलं नाही तर प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असलेल्यांना ते चालत नाही, तुमच्याकडे दम्याचा इतिहास असेल तर आधी सांगा. ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे पॅसिटेन, मान आखडण्यावर आणि हात थरथरण्यावर छान चालतं, पायांच्या या बेचैनीवर त्याचा फारसा भरवसा नाही.

मात्रा का महत्त्वाची ते सांगते. ही बहुतेक औषधं मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन जिथे जाऊन बसतं त्या जागा अडवतात. साधारण ६५ टक्के जागा अडल्या की भास-संशय उतरायला लागतात. ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की आखडणं, थरथर, बसवत नाही, हे सगळं सुरू होतं. कामाचा पट्टा हा असा अरुंद. तुम्हीच लिहिलंय की ४ वर संशय खरंच कमी झाला. म्हणजे औषध लागू पडत होतं, ते फक्त सोसलं नाही. शनिवारी जाल तेव्हा हे याच शब्दांत सांगा, कारण 'लागू पडलं नाही' म्हटलं तर डॉक्टरांचा विचार वेगळ्या दिशेला जातो. दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही गुण आला नाही की क्लोझापिन काढतात. ते फार गुणाचं औषध आहे, पण सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोक्याइतक्या घटतात. तुमचा मुलगा त्या वळणापासून खूप लांब आहे.

आता ओलान्झापिन की अरिपिप्राझोल. डॉक्टरांनी दोन नावं सांगून घरी विचार करायला दिला हे मला आवडलं. हल्ली असं कमी होतं.

अरिपिप्राझोलचं कौतुक तुम्ही ऐकाल. वजन फारसं वाढत नाही, दिवसा झापड येत नाही. पण पायांची हीच बेचैनी त्यात सुरुवातीच्या आठवड्यांत बऱ्यापैकी दिसते. ज्या मुलाने नुकतेच ते दिवस काढलेत त्याच्यासाठी लगेच ते मी तरी उचलणार नाही; उचललंच तर अगदी कमी मात्रेपासून. शिवाय ते शरीरात हळूहळू साठतं आणि हळूहळू जातं. अर्धं व्हायलाच त्याला सुमारे ७५ तास लागतात, पातळी स्थिर व्हायला दोन आठवडे. त्यामुळे आज मात्रा वाढवली आणि उद्या गुण नाही म्हणून परवा पुन्हा वाढवली, असं केलं की हमखास फसायला होतं.

ओलान्झापिनने पाय आणि मान यांचा त्रास बराच कमी होतो, झोप लागते. किंमत मोजावी लागते ती भुकेची. ही भूक साधी नसते. जेवून उठलेला मुलगा तासाभरात डबे उघडतो. आणि आपलं गाव कसं, रात्री बारालाही सराफ्यातला खाऊबाजार उघडाच! भुट्ट्याचा कीस, गराडू, वर रबडी. दोन-तीन महिन्यांत पाच-सात किलो वाढलेली मुलं मी बघितली आहेत. म्हणून पहिल्या गोळीआधी वजन, कमरेचं माप, उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी करून कागद जपून ठेवा, वजन दर आठवड्याला आणि बाकी तपासण्या तीन महिन्यांनी पुन्हा. घरात मधुमेह असेल तर तेही सांगा. तुमच्या सासूबाईंना आहे असं फोनवर म्हणालात, ते डॉक्टरांना माहीत नसेल. तेव्हा क्वेटियापिन हा तिसरा पर्यायही विचारून बघा. त्यात हातापायांचे त्रास आणखी कमी, झापड मात्र येते आणि वजनही थोडंफार वाढतंच. काहीच द्यावं न लागणारं औषध या गटात नाही. कोणता त्रास या मुलाला, या घरात पेलेल, एवढंच ठरवायचं असतं.

बदल कसा करायचा? दीर म्हणतात तसं सगळं एकदम बंद, हे नाही. एकदम बंद केलं की पहिले आठ-दहा दिवस मुलगा सुरेख दिसतो, कारण पायांचा त्रास गेलेला असतो. घरचे म्हणतात, बघा, औषधानेच आजारी होता. आजार परत येतो तो काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, आणि तेव्हा कोणी त्याचा संबंध गोळी थांबवण्याशी लावत नाही.

नेहमीची रीत म्हणजे जुनं उतरवत नवं चढवायचं. डॉक्टर आखतील ते असं काहीसं असेल: रिस्पेरिडोन आता आहे त्या ३ वरून २, मग १, मग बंद, त्याच वेळी रात्री ओलान्झापिन ५ पासून १०. दोन ते चार आठवडे. आकडे त्यांचे, माझे धरू नका. मात्र आठवड्यागणिक कुठली गोळी किती, हे त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. मधल्या टप्प्यावर मुलगा छान दिसला म्हणून तिथेच थांबून दोन्ही औषधं वर्षानुवर्षं चालू राहिलेली घरं पुष्कळ आहेत. शेवटची तारीखही त्या कागदावर पाहिजे.

आणि गोळीचं पाकीट एकदा उलटून बघा. आपल्याकडे रिस्पेरिडोनच्या पुष्कळ गोळ्यांत ट्रायहेक्सिफेनिडिल आधीच मिसळलेलं असतं. नावापुढे 'प्लस' किंवा 'फोर्ट' असं शेपूट असतं. तशी गोळी थांबवली की दोन औषधं एकदम थांबतात. ट्रायहेक्सिफेनिडिल झटक्यात सुटलं तर मळमळ, घाम, झोप उडणं होतं, शिवाय जुनं औषध अंगात असेपर्यंत त्याचा आधारही लागतो. म्हणून डॉक्टर बहुधा साधं रिस्पेरिडोन वेगळं आणि ट्रायहेक्सिफेनिडिल वेगळं लिहून देतील. दवा बाजारात स्वस्त मिळतं म्हणून एकदम तीन महिन्यांचं घेऊ नका; बदलाच्या काळात दर आठवड्याला मात्रा वेगळी, आणि उरलेल्या पट्ट्या कपाटात राहून पुढे घोळ घालतात. दुकानदाराने 'सेम कंपोझिशन है' म्हणून दुसरी पट्टी दिली तर घटक आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचल्याशिवाय दुकानातून हलायचं नाही.

एका बाबतीत मात्र हळूहळू वगैरे काही नसतं. जोराचा ताप, अंग लाकडासारखं कडक, भरपूर घाम, भ्रमिष्टासारखं बोलणं, नाडी जोरात: हे दिसलं की गोळी तिथल्या तिथे बंद आणि मुलगा तडक मोठ्या दवाखान्यात. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम नावाचा हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा प्रकार. त्यातून बरं झाल्यावर किमान दोन आठवडे थांबून, मगच दुसरं औषध अगदी थोडक्यापासून देतात. तुमचं पत्र आलं तेव्हा उन्हाळा तोंडावर होता म्हणून आणखी एक: अंगातलं पाणी कमी होणं याला निमित्त ठरतं, आणि ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो, त्यामुळे ऊनही लवकर बाधतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या येरझाऱ्या नकोत, पाणी-ताक हाताशी असू द्या.

त्या नर्सिंग होमचा कागद मिळवा. भांडायला जाऊ नका, पण मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाला स्वतःच्या उपचारांची नोंद मिळण्याचा हक्क आहे. मुलाने सही करून अर्ज द्यावा: कोणतं इंजेक्शन, किती, किती वाजता. याच कायद्यात आपल्याला पुढे कसे उपचार हवेत-नकोत हे आगाऊ लिहून ठेवण्याची सोय आहे. तातडीच्या उपचारांना ती लागू होत नाही, म्हणून पाकिटातली चिठ्ठी आधी म्हटलं. आणि औषध बाधल्याची तक्रार नव्हे, नोंद, सरकारी औषध-दक्षता कार्यक्रमाकडे कोणीही करू शकतं, डॉक्टरच पाहिजे असं नाही. फोन फुकट आहे: १८००-१८०-३०२४.

मुलगा म्हणतोय तेच बरोबर आहे, असं मी त्याला सांगेन. मान वाकडी होणार असेल तर त्याने विचारलंच पाहिजे. आमच्यातले पुष्कळ डॉक्टर आधी सांगत नाहीत, सांगितलं तर घेणारच नाही या भीतीने. मला ते कधी पटलं नाही. मी पहिल्याच दिवशी सांगते की असं होऊ शकतं, झालं तर ही गोळी घे, बोलता-गिळता येईना झालं तर सरळ कॅज्युअल्टीत जा, आणि जीव जात नाही म्हणून घाबरू नको. सांगितलेली मुलं औषध जास्त टिकून घेतात असा माझा अनुभव. शनिवारी त्याला सोबत न्या आणि पायांचं तुम्ही सांगू नका, त्याला सांगू द्या.

किती वर्षं घ्यावं लागेल हे आज कोणीच सांगणार नाही. पहिलाच झटका असेल तर बरं वाटू लागल्यावर साधारण एक ते दोन वर्षं चालू ठेवून मग विचार करतात. नव्या औषधाने झोप आणि चिडचिड पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारेल, संशयाला चार-सहा आठवडे द्या. आणि पुढच्या वेळी गोळी अर्धी करावीशी वाटली तर अर्धी करायच्या आधी फोन करा. न उचलणारा डॉक्टर असेल तर तो बदला.

प्रश्न : माझे यजमान आठ वर्षं ओलान्झापिनवर ठणठणीत आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी बिडी पूर्ण सोडली. तेव्हापासून दिवसभर पेंगतात, चक्कर येते. वयामुळे असेल का? औषध बदलावं का?

देवास

उत्तर : बिडी सोडली त्याबद्दल आधी त्यांचं अभिनंदन करा, आणि मग डॉक्टरांना फोन करा. औषध बदलायची बहुधा गरज नाही, मात्रा कमी करावी लागेल. धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त जोमाने काम करतं आणि ओलान्झापिन लवकर निपटवतं. धूर थांबला की आठवड्याभरात त्याचा जोम उतरतो आणि तीच गोळी अंगात जास्त साठू लागते. क्लोझापिनचंही असंच. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही, म्हणून निकोटिनची चघळगोळी घेत असतील तर घेऊ द्यात. उद्या बिडी पुन्हा सुरू झाली तर तेही डॉक्टरांना कळवा, ओरडा बसेल म्हणून लपवू नका; मग उलटं, गोळी कमी पडायला लागेल.

प्रश्न : माझी मुलगी सत्तावीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झाली. अमिसल्प्राइड घेते. चार महिने पाळी नाही, छातीतून दूध येतं. सासरी सगळ्यांना वाटलं गोड बातमी आहे. तपासणी केली तर काही नाही. आता सासूबाई घालूनपाडून बोलतात. औषध बंद करू का?

इंदूर

उत्तर : बंद करू नका, तपासा. अमिसल्प्राइड आणि रिस्पेरिडोन यांनी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक पुष्कळ वाढतं. बाळंतिणीला दूध येतं ते त्याच्याच जोरावर. सकाळी रक्तातलं प्रोलॅक्टिन आणि सोबत थायरॉइड बघून घ्या. गर्भ नसल्याची खात्री तुम्ही केलीच आहे, पण तीन-चार आठवडे झाले असतील तर ती चाचणी पुन्हा करा. प्रोलॅक्टिन फारच जास्त आलं, किंवा डोकं दुखून दिसायला कमी येत असेल, तर डॉक्टर मेंदूचा एमआरआयही सांगतील. ती अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल घेते का? त्यांत बऱ्याचदा डॉम्पेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड मिसळलेलं असतं आणि तीही प्रोलॅक्टिन वाढवतात. तो डबा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. उपाय दोन-तीन आहेत: मात्रा कमी करणं, हळूहळू दुसऱ्या औषधावर नेणं, किंवा थोडं अरिपिप्राझोल जोडणं, त्याने प्रोलॅक्टिन उतरतं. हे वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून नुसतं सोसत बसू नये. सासूबाईंशी बोलायचं काम मुलीवर टाकू नका. पुढच्या भेटीला जावयाला घेऊन जा आणि डॉक्टरांनीच त्याला समजावू दे.

आणि हे जावयासमोरच विचारून घ्या. औषध बदललं की बीजांड तयार होणं पहिल्या पाळीच्या आधीच सुरू होऊ शकतं, म्हणजे पाळी न येताही दिवस राहू शकतात. मूल आत्ता हवं असेल तर कोणतं औषध गरोदरपणात चालेल हे बदलाआधीच ठरवता येईल. नको असेल तर बदलाच्या पहिल्या दिवसापासून काळजी घ्यायला हवी.